उणे छप्पन्न लाख सोळा हजार

“काका, जन्मतारीख सांगा.”

“दहा जून एकसष्ट.”

आकडे टाकले, एंटर दाबलं. चार ओळींच्या एलसीडीवर अक्षरं उमटली: जन्म 16 जुलै 2097.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकून पुन्हा वाचलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, “म्हणजे मी अजून जन्मायचाय. मग इतकी वर्षं पीएफ कुणाचा कापताय?”

शेडमध्ये हशा पिकला. मी सोडून सगळे हसले.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. शेड तारापूर एमआयडीसीतली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक तिची नव्हती, माझी होती. मी वाणगावचा. बोईसर एकच स्टेशन पुढे. तेव्हा डहाणूपर्यंत लोकल येत नव्हती (ती 2013 मध्ये आली), त्यामुळे शटल चुकली की एसटी, नाहीतर कुणाची तरी ढोबळी मिरची घेऊन निघालेली पिकअप. आमची कंपनी डेटा लॉगर बनवायची. रासायनिक कारखान्यातल्या जीएलआरचं (आतून काचेचा थर दिलेल्या रिॲक्टरचं) तापमान आणि दाब दर सेकंदाला टिपून ठेवणारा डबा. डब्यात 32 बिटांचा छोटा प्रोसेसर आणि त्यावर आम्हीच लिहिलेला एक चिमुकला कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. त्याला तेवीस सिस्टीम कॉल होते. त्यातल्या सातव्याने काकांचा जन्म पुढे ढकलला होता.

सिस्टीम कॉल म्हणजे काय, हे एमआयडीसीत नोकरी करणाऱ्याला सांगायला फार वेळ लागत नाही. बाहेरच्या माणसाला थेट प्लँटमध्ये सोडत नाहीत. गेटवर छापील फॉर्म असतो: गाडी क्रमांक, माल, वजन, आत जायची वेळ. तो भरायचा, खिडकीतून सरकवायचा, आतला माणूस काम करून चिठ्ठी परत देतो. प्रोग्राम बाहेरचा, कर्नल आतला, आणि सिस्टीम कॉल हा तो फॉर्म. फाइल उघडायची, वेळ विचारायची, दुसरा प्रोग्राम बंद करायचा, सगळ्यासाठी वेगवेगळे फॉर्म. ‘इंटिजर टाइप’ ठरवायचा म्हणजे त्या फॉर्मवर किती चौकोन छापायचे आणि पुढे उणे चिन्हाला जागा ठेवायची की नाही, एवढंच ठरवायचं. दहा मिनिटांचं काम वाटतं. मीही तेवढीच घेतली होती.

वेळेचा चौकोन मी ‘अनसाइन्ड’ केला होता, म्हणजे बिनचिन्हाचा. तेव्हा स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो. 32 बिटांत चिन्ह ठेवलं तर वरची मर्यादा 214 कोटी 74 लाख 83 हजार 647. 1 जानेवारी 1970 पासून तेवढे सेकंद मोजले की आपण 2038 मध्ये येतो आणि घड्याळ उलटतं. चिन्ह काढून टाकलं की तीच जागा दुप्पट होते आणि 2106 पर्यंत चिंता नाही. वेळ उणे कशाला जाईल? लॉगर काय 1970 च्या आधीचं तापमान टिपणार आहे?

लॉगर टिपणार नव्हता. पण तारखेचं रूपांतर करणारा कॉल एकच होता, आणि ऑपरेटरची नोंदणी करणाऱ्या पोराने तोच वापरला. काकांची जन्मतारीख 1970 च्या आधीची, म्हणजे उणे संख्या. बिनचिन्हाच्या चौकोनात ती भरली की 136 वर्षं आणि 36 दिवस पुढे जाऊन पडते. काका 2097 साली जन्मले ते असे.

रात्री वाणगावला घरी आल्यावर मला चाळा लागला. कुठल्या कुठल्या तारखा अशा उडतील? कागद घेतला. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या 28 ऑक्टोबर 1969 ला. तिथून 1 जानेवारी 1970 पर्यंत पासष्ट दिवस. गुणिले 86,400. उत्तर: उणे 56 लाख 16 हजार. म्हणजे आमच्या भागाचं नाव देशाच्या नकाशावर ज्या दिवशी ठळक झालं, तो दिवस या 1970 पासूनच्या, युनिक्स ऑपरेटिंग सिस्टीमकडून आलेल्या कालगणनेत शून्याच्या अलीकडचा. आणि माझ्या कर्नलच्या मते तारापूर सुरू व्हायचं होतं 4 डिसेंबर 2105 ला.

या 1969 मध्ये एक गंमत दडलेली आहे. तारापूरच्या त्या अणुभट्ट्या बांधल्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने. त्याच काळात हीच जनरल इलेक्ट्रिक आणखी एका उद्योगात होती. एमआयटी आणि बेल लॅब्ज यांच्यासोबत ‘मल्टिक्स’ नावाची अवाढव्य ऑपरेटिंग सिस्टीम उभारायची आणि त्यासाठी जीई-645 हे यंत्र द्यायचं. मल्टिक्स लांबत गेलं आणि 1969 मध्ये बेल लॅब्जने अंग काढून घेतलं. रिकामे झालेले केन थॉम्प्सन कोपऱ्यातल्या एका जुन्या पीडीपी-7 यंत्रावर त्याच उन्हाळ्यात स्वतःपुरती छोटी सिस्टीम लिहायला बसले. ती युनिक्स. त्याच वर्षी आपल्याकडे तुर्भ्याच्या नावाचा टीडीसी-12 हा संगणक तयार झाला. तारापूर, युनिक्स आणि टीडीसी-12, तिघं एका वर्षाची भावंडं.

पण आकड्याची रुंदी प्रत्येकाची वेगळी. टीडीसी-12 चा शब्द 12 बिटांचा, पीडीपी-7 चा 18, जीई-645 चा 36. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये चालू झालेल्या टिफ्रॅक संगणकाचा तर 40. आज आठाच्या पटीशिवाय विचार न करणाऱ्या पोरांना हे सांगितलं की त्यांना वाटतं मी थापा मारतोय. फॉर्मवर किती चौकोन हा प्रश्न तेव्हा यंत्रागणिक बदलत होता, आणि युनिक्सचे पहिले फॉर्म या गोंधळातच छापले गेले.

पीडीपी-7 वरून युनिक्स 16 बिटांच्या पीडीपी-11 वर गेलं. 1971 च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये वेळ सेकंदात मोजत नव्हते. विजेच्या साठ हर्ट्झच्या ठोक्यावर, सेकंदाच्या साठाव्या भागात मोजायचे, आणि सुरुवात 1 जानेवारी 1971 ची. 32 बिटांत असे ठोके मावतात जेमतेम सव्वादोन वर्षांचे. हे लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. मॅन्युअलमध्ये त्रुटींच्या रकान्यात त्यांनी ते स्वतःच नोंदवून ठेवलं होतं. मग काही काळ दर वेळी सुरुवातीचं वर्षच पुढे सरकवत राहिले. शेवटी सेकंदांवर आले आणि 1970 वर स्थिरावले.

मोजणी कुठून सुरू, हे आकड्यासोबत लिहायचं शहाणपण जुनं आहे. आमच्या शेजारच्या चिंचणीला राष्ट्रकूटांचे ताम्रपट सापडले आहेत. त्यातला इंद्र तिसरा याच्या काळातला पट शके 848 चा, म्हणजे इसवी 926. तो आज कळतो कारण कोरणाऱ्याने आकड्याआधी शकाचं नाव कोरलं. सिस्टीम कॉलमधल्या आकड्यावर शकाचं नाव नसतं, सेकंद की मिलिसेकंद हेही नसतं. नुसता आकडा असतो.

त्या जुन्या दिवसांची एक खूण अजून प्रत्येक सी प्रोग्रामरच्या हाताखाली आहे. वेळ विचारायचा ‘टाइम’ हा कॉल. कंसात आपण मुकाट्याने ‘नल’ लिहितो. का लिहितो, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. 16 बिटांच्या यंत्रावर 32 बिटांचं उत्तर परत देण्याची सोय तेव्हाच्या सी भाषेत नव्हती. म्हणून विचारणाऱ्याने दोन शब्दांची जागा दाखवायची आणि कर्नलने तिथे उत्तर ठेवायचं. पुढे मोठे टाइप आले, उत्तर थेट मिळू लागलं, पण फॉर्मवरचा तो चौकोन काही गेला नाही. पन्नास वर्षं आपण तिथे शून्य भरतोय.

आणि चिन्ह? त्या काळच्या सी भाषेत बिनचिन्हाचा टाइपच नव्हता, त्यामुळे वेळ चिन्हासकट आली. डेनिस रिची यांना पुढे यावर विचारलं गेलं, तेव्हा आपण यावर फार खोल विचार केला नव्हता, अशा अर्थाचं त्यांनी सांगितलं. पण आपल्या हयातीतल्या सगळ्या तारखा मावाव्यात हे बरं, असं त्यांचं मत होतं. रिची जन्मले 1941 मध्ये. चिन्हासकट 32 बिटांत 1901 ते 2038 मावतं. ते 2011 मध्ये गेले. त्यांचं अख्खं आयुष्य त्या चौकोनात नीट बसलं. काकांचा मुद्दा वेगळा काय होता?

काकांच्या त्या प्रश्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेठना सगळं सांगितलं. शेठ म्हणाले, “बदलून टाक.” बदलणार कसं? चाळीस डबे गिऱ्हाइकांकडे गेले होते, त्यांवर गिऱ्हाइकांनी स्वतःचे प्रोग्राम लिहिले होते, आणि ते सातव्या कॉलला बिनचिन्हाचे 32 बिट मागत होते. आमच्याकडे वाणगाव-चिंचणी पट्ट्यात घराघरांत दागिन्यांच्या डाय कोरतात. डाय कोरणाऱ्याला विचारा, नक्षी चुकली तर पोलाद पुन्हा भरता येतं का? नवी डाय करायची. आम्हीही तेच केलं. सातवा कॉल तसाच ठेवला, चोविसावा नवा काढला, त्यात वेळ 64 बिटांची, चिन्हासकट. हेडर फाइलमध्ये सातव्याच्या वर मी मराठीत शेरा लिहिला: ‘काकांची जन्मतारीख इथे टाकू नये.’

हीच गोष्ट लिनक्सने प्रचंड प्रमाणावर केली. 32 बिटांच्या यंत्रांवर वेळेशी संबंध असलेला एकेक सिस्टीम कॉल हुडकून त्याला 64 बिटांचा जुळा भाऊ दिला. आर्न्ड बर्गमन यांनी हे काम वर्षानुवर्षं रेटलं. फाइल सिस्टीममधल्या वेळांचा मोठा भाग दीपा दिनामणी यांनी उपसला. नवे कॉल 2019 मध्ये 5.1 आवृत्तीत आले, आणि मार्च 2020 च्या 5.6 मध्ये ते काम मार्गी लागलं. जुने कॉल आहेत तिथेच आहेत.

उण्याचे किस्से इथे संपत नाहीत. प्रोग्रामचा क्रमांक, म्हणजे पीआयडी, साइन्ड का असतो? कुठला प्रोग्राम उणे पाचवा असतो? पण ‘किल’ या कॉलला उणे आकडा दिला की अर्थ होतो ‘त्या गटातले सगळे’, आणि उणे एक दिला की ‘माझ्या हाताखालचे झाडून सगळे’. चिन्हाला वेगळाच अर्थ देऊन चौकोन वाचवला. काटकसर म्हणून छान. पण असे छुपे अर्थ फॉर्मवर छापलेले नसतात.

काका गेटवरची वही लिहायचे. तिच्यात असं चालायचं नाही. वजनकाट्यावर गाडी गेलीच नसेल तर ते वजनाच्या रकान्यात शून्य लिहीत नसत, उणे एकही नाही. ‘काटा बंद’ असं लिहायचे. फाइलीचा मालक बदलणाऱ्या युनिक्स कॉलमध्ये मात्र उणे एक म्हणजे ‘मालक आहे तोच राहू दे’. लिनक्समध्ये वापरकर्त्याचा क्रमांक आधी 16 बिटांचा होता, 2.4 आवृत्तीपर्यंत तो 32 चा झाला. आता 16 बिटांतलं उणे एक म्हणजे 65,535. रुंद करताना ते तसंच 65,535 नेलं तर ‘राहू दे’ चा अर्थ होणार ‘65,535 क्रमांकाच्या माणसाच्या नावे कर’. म्हणून कर्नलमध्ये एका ओळीची खास तपासणी आहे: जुन्या रुंदीतलं उणे एक दिसलं तर नव्या रुंदीतलं उणे एक दे.

या उणे एकने ऑक्टोबर 2019 मध्ये मोठी गंमत केली. ‘सुडो’ ही दुसऱ्याच्या नावाने हुकूम चालवायची सोय. एखाद्याला परवानगी द्यायची की बाबा, रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) सोडून बाकी कुणीही बन. ॲपलमधल्या जो वेनिक्स यांच्या लक्षात आलं, की अशा माणसाने ‘मला उणे एक क्रमांकाचा वापरकर्ता कर’ म्हटलं तर तो थेट रूट होतो. का? सुडो स्वतः रूट म्हणून चालू होतं, त्याने कर्नलला सांगितलं ‘क्रमांक उणे एक कर’, आणि कर्नलच्या भाषेत त्याचा अर्थ ‘आहे तो राहू दे’. राहिला! रखवालदाराने नियम पाळला, फॉर्मही बरोबर भरला, आणि नको तो माणूस आत.

फाइल वाचायच्या कॉलमध्ये तर एकाच फॉर्मवर दोन मतं आहेत. किती बाइट वाचायचे हा चौकोन बिनचिन्हाचा, पण किती वाचले हे उत्तर चिन्हाचं, कारण चूक झाली तर उणे आकडा परत द्यायचाय. म्हणजे मागता येतं त्याच्या निम्मंच उत्तरात मावतं. लिनक्सने यावर सरळ कात्री लावली: एका खेपेला जास्तीत जास्त 2,14,74,79,552 बाइट. 64 बिटांच्या यंत्रावरही तेवढेच, कारण आतल्या शेकडो ड्रायव्हरांपैकी कुणी ना कुणी तो आकडा 32 बिटांच्या डब्यात भरणार, ही खात्री. आपल्या माणसांवरचा हा अविश्वास मला फार आवडतो.

आता रुंदीकडे वळतो. फाइलीत पुढेमागे सरकायच्या कॉलचं नाव ‘एल-सीक’. हा ‘एल’ कसला? आधी नुसता ‘सीक’ होता, त्यात अंतराचा चौकोन 16 बिटांचा. फाइल मोठी झाली की पुरेना, म्हणून एक जुगाड होता: दिशेच्या रकान्यात 3, 4 किंवा 5 लिहिलं की अंतर 512 ने गुणून घ्यायचं. सी मध्ये ‘लाँग’ टाइप आला आणि 1979 च्या सातव्या आवृत्तीत नवा कॉल आला, लाँगचा ‘एल’ लावून. मग दोन जीबीच्या फाइली आल्या, लाँगही पुरेना, आणि 32 बिटांच्या लिनक्सवर आणखी एक ‘एल’ लागला: ‘एल-एल-सीक’. रेल्वेनेही 20 डिसेंबर 2010 ला गाड्यांचे क्रमांक चार आकडी होते ते पाच आकडी केले. फ्लाइंग राणी 2921 ची 12921 झाली. फरक एवढाच, की रेल्वेने एका दिवशी जुने क्रमांक मोडीत काढले. कर्नलला तशी सोय नाही. तीनचार पिढ्यांचे फॉर्म एकाच खिडकीवर चालू ठेवावे लागतात.

रुंद केलं की प्रश्न मिटतो असंही नाही. एक किस्सा जरा जवळून दाखवतो, कारण तो मी स्वतः एका एआरएम बोर्डावर रात्रभर भोगलाय. लिनक्समध्ये फाइलीचा ठरावीक तुकडा डिस्कवर उतरवायचा एक कॉल आहे. त्याला चार गोष्टी लागतात: फाइल क्रमांक, कुठून, किती, आणि काही खुणा. ‘कुठून’ आणि ‘किती’ 64 बिटांचे. 32 बिटांच्या एआरएमवर रजिस्टरं (प्रोसेसरमधले छोटे कप्पे) आर-शून्यपासून सुरू. फाइल क्रमांक आर-शून्यमध्ये. 64 बिटांच्या आकड्याला दोन रजिस्टरं, आणि नियम असा की जोडी सम क्रमांकावरच बसली पाहिजे. म्हणून आर-एक रिकामं सोडायचं. ‘कुठून’ आर-दोन-तीनमध्ये, ‘किती’ आर-चार-पाचमध्ये. खुणा आर-सहामध्ये. पण कॉलला रजिस्टरं मिळतात सहाच, आर-शून्य ते आर-पाच. जागा संपली! रिकामं कुठलं? आर-एक, ज्यात 64 बिटांची जोडी बसू शकत नाही. उपाय एवढाच: खुणा दुसऱ्या क्रमांकावर आणल्या, त्या आर-एकमध्ये बसल्या, आणि नावापुढे 2 लावून नवा कॉल केला. शटलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसवताना आधीच्याला “जरा सरकता का” म्हणतात, त्यातलाच प्रकार. माझ्या प्रोग्रामने खुणा शेवटीच पाठवल्या होत्या. कर्नलने ‘कुठून’ चा अर्धा आकडा भलत्याच ठिकाणी वाचला, आणि मला पहाटेपर्यंत डिस्क खराब आहे असं वाटत राहिलं.

उलटा प्रकार जानेवारी 2009 मधला. चौकोन 64 चा, आकडा 32 चा. वरच्या अर्ध्यात काय असतं? काही प्रोसेसरांवर करार असा, की वरचा भाग साफ करून देणं पाठवणाऱ्याचं काम. कर्नलचा कंपायलर त्या करारावर भरवसा ठेवून चालला होता. पण पाठवणारा म्हणजे बाहेरचा माणूस! त्याने मुद्दाम वरच्या भागात कचरा भरला तर तपासणी खालच्या निम्म्यावर होणार आणि वापर अख्ख्या आकड्याचा. हाइको कार्स्टेन्स यांनी मग कर्नलमधल्या सिस्टीम कॉलांची व्याख्याच एका मॅक्रोतून जायला लावली: आधी सगळं ‘लाँग’ म्हणून घ्यायचं, मग आपल्या हाताने कापून योग्य टाइप करायचा. फॉर्म आत आल्यावर रखवालदारानेच समासातल्या रेघोट्या खोडायच्या.

रिकाम्या बिटांचंही तसंच. फाइल उघडायचा जुना ‘ओपन’ कॉल अनोळखी खुणांकडे काणाडोळा करतो. वर्षानुवर्षं लोकांनी तिथे काय काय कचरा पाठवला असेल. त्यातल्या एखाद्या बिटाला आज नवा अर्थ दिला तर कुणाचा तरी प्रोग्राम मोडणार. म्हणून 2020 मध्ये ‘ओपन-ॲट-2’ आला: खुणा 64 बिटांच्या, आणि ओळखीची नसलेली एकही खूण दिसली तर फॉर्म परत.

आमच्या तेवीस कॉलांतला दुसरा भोपळा बाराव्यात फुटला. डबा चालू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले, हे सांगणारा कॉल. इथे मी नेमका उलट, साइन्ड 32 ठेवला होता! 24 दिवस 20 तास 31 मिनिटांनी तो उणे होतो आणि नोंदणी थांबते. दोन वर्षं कुणालाच कळलं नाही. कारण? आठवड्यातून एक दिवस वीज बंद असायची, वर लोडशेडिंग. कुठलाच डबा कधी पंचवीस दिवस सलग चालला नव्हता. मग एका गिऱ्हाइकाने एक्स्प्रेस फीडर, म्हणजे अखंड विजेची वेगळी लाइन, घेतला. पंचविसाव्या दिवशी फोन आला. दुरुस्ती करून दिली, तरी काकांनी त्या डब्यावर खडूने लिहिलं: ‘दर पंधरवड्याला बंद करून चालू करणे.’

पुढे कळलं की विंडोज 95 चंही असंच होतं, बिनचिन्हाचं असल्याने 49.7 दिवसांनी. तेव्हा जरा बरं वाटलं. लिनक्सवाल्यांनी मात्र यावर नामी युक्ती काढली आहे. त्यांचा ठोके मोजणारा आकडा शून्यापासून सुरूच होत नाही. तो अशा ठिकाणी सुरू करतात की यंत्र चालू झाल्यावर बरोबर पाच मिनिटांत 32 बिटांची मर्यादा ओलांडावी. एरवी सेकंदाला शंभर ठोक्यांच्या हिशेबाने 497 दिवसांनी फुटणारी चूक लिहिणाऱ्याच्या टेबलावर, चहा संपायच्या आत फुटते. ही युक्ती मला आधी ठाऊक असती तर काकांचा खडू वाचला असता.

काका निवृत्त झाले. सातवा कॉल आमच्या कर्नलमध्ये शेवटपर्यंत राहिला. त्या काळचे काही डबे अजून चालू आहेत असं कानावर येतं, आणि ते 2106 पर्यंत चालतील. माझी चूक अशी उपयोगी पडली. पण बाजारातले बाकीचे बहुतेक जुने 32 बिटांचे डबे साइन्ड आहेत.

त्यांची वेळ ठरलेली आहे: 19 जानेवारी 2038, मंगळवार, सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंद. पुढच्या सेकंदाला ग्रिनिचच्या हिशेबाने 13 डिसेंबर 1901. ज्या डब्यांना टाइमझोन ठाऊकच नसतो आणि आपलंच घड्याळ ग्रिनिच समजून चालतात, त्यांच्यात हे पहाटे 3 वाजून 14 मिनिटं 7 सेकंदांनी होईल.

बोईसर, पालघर, तारापूरच्या शेडमध्ये तुमच्याकडे असा जुना लॉगर, हजेरीचं यंत्र किंवा कंट्रोलर असेल तर तो एकदा लाइनवरून उतरवा. नोंदींची प्रत आधी काढून ठेवा. घड्याळ 19 जानेवारी 2038 वर न्या, आधी पहाटे 3:10, मग सकाळी 8:40, आणि दोन्ही वेळा पाच मिनिटं समोर बसून राहा. चालू जीएलआरवर हा प्रयोग कृपा करून करू नका. आणि शेडमध्ये 1970 च्या आधी जन्मलेलं कुणी असेल, तर त्यांची जन्मतारीखही टाकून बघा.